वैशाखातील परसबाग

वैशाखातील भर दुपारी परसदारी उभे राहून पाहिले, तर बागेत काही जिवंत उरले असेल यावर सहसा विश्वास बसत नाही. माघात तोडणीला आलेली मेथी आणि पालक केव्हाच संपलेले असतात. वालाच्या वेलाचे काड झालेले असते. वांग्याची झाडे खुरटून पाने गाळीत असतात आणि आळ्यांतील काळ्या मातीला बोटभर रुंदीच्या भेगा पडलेल्या असतात. अशा वेळी कुंपणाच्या कडेला, जेथे गेल्या कित्येक महिन्यांत कोणी तांब्याभर पाणीही ओतलेले नाही तेथे, उघड्या जमिनीतून भुईचाफ्याचे पांढरे-जांभळे फूल वर आलेले दिसते. त्याला पान नाही, वर उचलून धरणारी फांदी नाही; जणू मातीलाच फूल आले आहे. दोन पावलांवर कढीपत्त्याला कोवळी फूट आलेली असते, मोगरा कळ्यांनी भरलेला असतो आणि गवती चहाच्या वाळक्या ठोंबाच्या बुडाशी हिरव्या पात्यांची टोके दिसू लागलेली असतात.

पंचांगाच्या दृष्टीने यात नवल वाटण्याचे कारण नाही. चैत्र आणि वैशाख मिळून वसंत ऋतू होतो. म्हणजे वैशाख हा वसंताचाच उत्तरार्ध होय. परंतु थंड देशांतील वसंताचा उत्तरार्ध आणि महाराष्ट्रातील वसंताचा उत्तरार्ध यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तेथे तो बर्फ वितळल्यानंतरचा, ओलाव्याचा व मृदू उन्हाचा काळ असतो. येथे तो वर्षातील सर्वांत तप्त काळ असतो. विदर्भात आणि खानदेशात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, विहिरी तळाला जातात आणि पावसाला अद्याप महिना-दीड महिना अवकाश असतो. तरीही येथील बहुवर्षायू झाडे, झुडपे आणि कंद नेमक्या याच वेळी फुटतात. परदेशी पुस्तके समोर ठेवून तयार केलेल्या बागकामाच्या दिनदर्शिका महाराष्ट्रातील परसबागेच्या उपयोगी पडत नाहीत, त्याचे मूळ या विसंगतीत आहे.

ही फूट कशाच्या बळावर येते आणि तिला काय मानवते, हे ध्यानात न घेतल्यामुळे दरवर्षी गावोगावी दोन चुका घडतात. त्यांतील एक शाळेच्या आवारात घडते आणि दुसरी ग्रामपंचायतीच्या हद्दीत. शाळेच्या बागेत बहुतेक सर्व लागवड हंगामी असते. मे महिन्याच्या प्रारंभी सुट्टी लागते, पाणी घालणारे हात घरी जातात आणि जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा फलकावरील ‘आमची परसबाग’ ही अक्षरे तेवढी शिल्लक असतात. ग्रामपंचायतीत पावसापूर्वीच्या साफसफाईची मोहीम निघते आणि रस्त्याकडेची, ओढ्याकाठची झुडपे व गवताचे ठोंब मे महिन्यातच मुळापासून खणून जाळले जातात. दोन्ही ठिकाणी हेतू चांगला असतो, श्रमही प्रामाणिक असतात. चूक होते ती वेळेची आणि निवडीची.

प्रथम फुटीचे कारण पाहू जाता असे दिसते, की हिवाळ्याच्या अखेरीस पाने गाळणे ही झाडाची हार नसून हिशेब असतो. पान हे पाणी बाहेर टाकणारे मुख्य द्वार आहे. जुने, झिजलेले पान गळाले की बाष्परूपाने होणारा व्यय थांबतो. खोल गेलेल्या मुळांनी जमिनीच्या पोटातील थोडीफार ओल शोषली की खोडातील पेशी पुन्हा भरतात आणि डोळे फुगू लागतात. दिवस मोठा होत जाणे, हीसुद्धा अनेक उष्णदेशीय झाडांना मिळणारी सूचना आहे. हवेत पाऊस नसला तरी लांबत जाणारा दिवस चुकत नाही. शिवाय पावसाच्या आधीच पान तयार करून ठेवण्यात झाडाचा लाभ असतो. पावसाबरोबर अळ्या व किडी उसळतात, तोपर्यंत पान जून झालेले असते. आणि पहिल्या सरीपासून ते अन्न तयार करण्याच्या कामास लागू शकते. कोवळी पालवी पुष्कळदा तांबूस असते. आंबा, जांभूळ, गुलाब, डाळिंब यांच्या नव्या फुटीचा तांबडा रंग सर्वांच्या परिचयाचा आहे. हा रंग प्रखर उन्हापासून कोवळ्या पेशींचे रक्षण करतो, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. पान नसताना नवे पान करावयाचे, तर भांडवल कोठून यावे? ते मागील पावसाळ्यात आणि हिवाळ्यात साठविलेल्या पिष्टाचे असते. हा साठा मुळांत, खोडात, कंदांत आणि गड्ड्यांत असतो. चैत्र-वैशाखातील पालवी हा त्या साठ्यावर केलेला खर्च होय. नवे पान पुरते मोठे होऊन स्वतः अन्न तयार करू लागेपर्यंत झाडाची तिजोरी जवळजवळ रिकामी असते. अशा वेळी नवी फूट छाटली, तर दुसरी फूट काढण्यास भांडवल उरत नाही. धडधाकट झाड कदाचित तगून जाईल. नुकते रुजलेले किंवा उथळ जमिनीतील झाड मात्र मरते आणि दोष उन्हाला दिला जातो.

जमिनीखालच्या मंडळींचे व्यवहार या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. भुईचाफ्याचे कंद हळदीच्या कुळातील. पावसाळ्यात त्याला रुंद, वरून नक्षीदार पाने येतात. हिवाळ्यात ती नाहीशी होतात आणि वैशाखाच्या आगेमागे केवळ फुले वर येतात. आफ्रिकेतून येऊन महाराष्ट्रातील अंगणांत स्थायिक झालेले ‘मे फ्लॉवर’ याच शिस्तीने वागते. अकरा महिने त्याची आठवण कोणाला नसते आणि मे महिन्यात चेंडूएवढा लालभडक फुलोरा घेऊन ते उभे राहते. शतावरीच्या वरच्या वेली उन्हाळ्यात वाळतात, पण जमिनीखाली पांढऱ्या मुळांचा जुडगा भरलेला असतो आणि वळवाच्या सरीनंतर त्यातून नवे टोकदार कोंब निघतात. घरात बियाण्यासाठी ठेवलेल्या हळदीच्या गड्ड्यांनाही याच सुमारास डोळे फुटतात. अक्षय्य तृतीयेपासून हळद व आले लावण्याची शेतकऱ्यांची प्रथा या निरीक्षणाशी जुळणारी आहे.

या सर्व वनस्पतींचा मोठा शत्रू म्हणजे उत्साही कुदळ. पावसापूर्वी बाग खणून उन्हात तापू द्यावी, हा सल्ला हंगामी वाफ्यांपुरता योग्य आहे. जेथे कंद आहेत तेथे तो लागू करू नये. बागेचा माळी दरवर्षी तोच असेल तर प्रश्न उद्भवत नाही, कारण त्याच्या पायांनाही कंदांच्या जागा ठाऊक असतात. शाळेत आणि शासकीय वसाहतीत मात्र माणसे बदलत राहतात. हिवाळ्यात पाने असतानाच कंदांच्या जागी चार दगड मांडून ठेवणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. शाळेत हे काम चौथी-पाचवीच्या मुलांनी करावे. पानांचा आकार ओळखून नोंदवहीत बागेचा नकाशा काढावा आणि उन्हाळ्यात त्या जागी काय उगवले ते पाहावे. हा एक नकाशा वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या धड्याइतके शिकवून जातो.

गवतांची रीत निराळी आहे. झुडपाचे वाढीचे टोक फांदीच्या शेंड्याला असते. गवताचे ते बुडाशी, मातीलगत असते. म्हणून गवत चरले, कापले, वरून होरपळले, तरी पुन्हा वाढते. गवती चहाचा ठोंब वैशाखात निम्मा वाळलेला दिसतो. ती वाळकी पाती जमिनीपासून चार-सहा बोटे उंचीवर विळ्याने कापून टाकण्यास काहीच हरकत नाही. उलट उजेड आत पोहोचल्याने फुटवे जोमदार येतात. कापलेली पाती त्याच ठोंबाभोवती अंथरावीत. (कापताना हात झाकलेले असावेत. गवती चहाच्या पात्याने बोट न कापलेला माळी विरळाच.) तीन-चार वर्षांचा ठोंब मधोमध मरू लागतो आणि कडेने वाढत राहतो. तो खणून विभागण्याची वेळ मात्र वैशाख नव्हे. ते काम पाऊस स्थिरावल्यावर करावयाचे.

ऊस, ज्वारी, मका, गवती चहा आणि वाळा ही तृणकुळातील एकाच गटातील भावंडे आहेत. कडक उन्हात व थोड्या पाण्यात अन्न तयार करण्याची एक विशेष रासायनिक वाट या गवतांना साधलेली आहे. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसाच्या पानांवरील संशोधनातून ती उलगडून दाखविली. इतर बहुतेक झाडे दुपारी पानांची छिद्रे मिटून स्वस्थ बसतात तेव्हा ही गवते, मुळांशी थोडी ओल असेल तर, काम करीत असतात. परसबागेत भाजी व फुले यांच्या बरोबरीने गवताला जागा द्यावी, याचे हे शास्त्रीय कारण आहे. पण महाराष्ट्रातील परसबागांच्या आराखड्यांत गवत म्हणजे उपटून टाकावयाची वस्तू एवढाच उल्लेख सापडतो.

त्यातही वाळ्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. माठातील पाण्यात वाळ्याची जुडी टाकणे आणि खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडणे, हे उन्हाळ्यातील सुख मागील पिढ्यांना चांगले माहीत होते. ज्या मुळांना हा गंध असतो ती आडवी न पसरता सरळ खाली जातात. अनुकूल जमिनीत तीन मीटर आणि त्याहून अधिक खोल. ठोंब दाट असतो आणि जागा सोडून पसरत नाही. ओळीने लावलेला वाळा म्हणूनच जमिनीतील भिंतीसारखे काम करतो. वाहत्या पाण्याचा वेग मोडतो, माती त्याच्या वरच्या अंगाला अडकते आणि हळूहळू पायरी तयार होते. कर्नाटकात म्हैसूरच्या बाजूचे शेतकरी शेताच्या हद्दी राखण्यासाठी वाळ्याच्या ओळी पूर्वापार लावीत आले आहेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ या तज्ज्ञांनी भारतातील मृदसंधारणाच्या कामात या गवताचा पुरस्कार केला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आज जगातील अनेक उष्ण देशांत रस्त्यांचे व बांधांचे उतार राखण्यासाठी ते लावले जाते. भारतातील गवत जग फिरून आले. ज्या गावांच्या ओढ्याकाठी ते आपोआप उगवते तेथे मात्र मे महिन्यातील सफाईत ते ‘गचपण’ म्हणून खणले जाते. पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याचा काठ ढासळतो आणि नंतर दगडी पिचिंगचे अंदाजपत्रक तयार करावे लागते.

वाळा लावू इच्छिणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. उत्तर भारतातील रानवट प्रकार बी धरतो आणि पसरू शकतो. दक्षिणेत लागवडीत असलेला प्रकार बी धरत नाही, त्याची वाढ ठोंब विभागूनच होते. बांधासाठी दुसरा प्रकार घ्यावा. तसेच मुळांसाठी लावलेला वाळा आणि मातीसाठी लावलेला वाळा यांच्या जागा वेगळ्या असाव्यात. उतारावरील ओळ मुळांच्या मोहाने खणली, तर भुसभुशीत झालेली माती आधी होती त्याहून लवकर वाहून जाईल. परसात न्हाणीच्या पाण्याच्या पाटाला आठ-दहा ठोंब लावले तर पाटाची कडही राहते आणि घरच्या माठापुरती मुळेही मिळतात.

हरळीचा उल्लेख शेतकऱ्यासमोर करणे धाडसाचे आहे. शेतात ती वैरीण खरीच. पण अंगणाच्या उतारावर, मुलांच्या खेळण्याच्या जागी आणि शाळेच्या झेंड्याभोवती धूळ बसविणारे तिच्याइतके स्वस्त आच्छादन दुसरे नाही. उन्हाळ्यात ती तपकिरी पडते, मरत नाही.

झुडपांच्या बाबतीत एकच नियम सर्वांना लागू होत नाही, आणि येथेच पुष्कळ हात चुकतात. मोगरा नव्या फुटीच्या शेंड्यांवर फुलतो. म्हणून त्याची मुख्य छाटणी पौष-माघाच्या सुमारास, पाणी तोडून, पाने काढून केली जाते आणि मग खत-पाणी दिले की चैत्र-वैशाखात बहर येतो. छाटणी विसरली म्हणून ती वैशाखात करणाऱ्याच्या हाती फुलेही लागत नाहीत आणि झुडूपही अशक्त होते. या काळात करावयाचे काम एवढेच, की फुलून गेलेल्या फांद्यांची टोके खुडावीत; त्यामुळे पुढची फूट येते. जास्वंदीवर उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण बसतो. त्याची पांढरी कापसासारखी पुटे दिसताच तेवढे शेंडे खुडून नष्ट करावेत. सबंध झुडूप छाटणे अनावश्यक आहे. कढीपत्ता थंडीत सुस्तावलेला असतो आणि चैत्रात एकाएकी भरघोस फुटतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे हात त्या वेळी कोवळ्या शेंड्यांकडे वळतात. शक्य तितके जून पान तोडावे, शेंडा ठेवावा. कढीपत्त्याच्या मुळांवरून निघालेली पिल्ले दूर काढून लावण्यासाठी पावसाची वाट पाहावी.

शेवगा मात्र या सर्वांना अपवाद आहे. त्याच्या शेंगांचा मुख्य हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत चालतो. शेंगा संपल्या, की पावसापूर्वीच तो कमरेच्या-छातीच्या उंचीवर छाटावा. त्याचे मऊ खोड आणि मांसल मूळ यांत साठा भरपूर असल्यामुळे छाटणी त्याला सोसते. महिन्याभरात खालून धुमारे फुटतात आणि पाला व शेंगा हाताच्या अंतरावर राहतात. शेवगा न छाटता उंच वाढू दिला तर लाकूड ठिसूळ असल्याने वादळी वाऱ्यात तो मोडतो, आणि शेंगांसाठी वर चढणारे मूलही त्याबरोबर खाली येते. शाळेच्या आवारात उंच शेवगा असणे ही केवळ बागेची त्रुटी नसून सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. छाटलेले मनगटाएवढे जाड तुकडे सावलीत ठेवून पावसाच्या तोंडाशी लावले की रुजतात, कुंपणालाही चालतात.

कुंपणासाठी अडुळसा, निर्गुडी आणि मेंदी ही तिन्ही झुडपे महाराष्ट्राच्या कोरड्या भागातही तग धरतात. अडुळशाला शेळी तोंड लावीत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण वैशाखात हिरवे दिसते ते सारे चांगले, असा समज होऊ नये. शोभेचे झुडूप म्हणून अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आणलेली घाणेरी आज रानोमाळ पसरून तेथील मूळ गवते गिळीत आहे. ओढ्याकाठी न सुकणारी बेशरम जनावरांना विषारी आहे. साफसफाईच्या मोहिमेला खणून काढण्यासारखे खरे काम या दोहोंत आहे. मोहिमेच्या आदल्या दिवशी गावातील एखादा जाणता वैदू, मेंढपाळ किंवा वृद्ध शेतकरी आणि शाळेतील विज्ञानाचे शिक्षक यांना बरोबर घेऊन हद्दीत एक फेरी मारावी आणि राखावयाच्या झुडपांना चुन्याचे बोट लावावे. त्याने मोहिमेचा वेळ वाढत नाही. उलट खणण्याचे काम कमी होते.

आता पाण्याचा हिशेब. कोरड्या भागात मे महिन्यात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला १० मिलीमीटर आणि कधी त्याहूनही अधिक बाष्पीभवन होते. म्हणजे एक चौरस मीटरमागे १० लिटर. दहा चौरस मीटरचा पालेभाजीचा वाफा हिरवागार राखावयाचा, तर रोजची गरज शंभर लिटरच्या घरात जाते. उलट चांगला रुजलेला कढीपत्ता किंवा मोगरा आठवड्यातून दोन बादल्या पाण्यावर वैशाख काढतो, आणि भुईचाफा काहीच मागत नाही. ज्या गावात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर येतो तेथे मेथीचा वाफा भिजविण्याचा आग्रह कोणी धरू नये. बहुवर्षायू झाडांचा आग्रह धरता येतो, कारण त्यांना पिण्याचे पाणी द्यावेच लागत नाही.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरास त्या मानाने २७५ लिटर पाणी होते. त्यांतील निम्मे सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरले, तरी दिवसाला सुमारे १३५ लिटर पाणी परसात येते. प्रत्यक्षात पुष्कळ गावांत उन्हाळ्यात इतके पाणी मिळत नाही, हे मान्य केले तरी दोन-चार बादल्या प्रत्येक न्हाणीतून वाहतातच. जुन्या घरांतून न्हाणीच्या तोंडाशी केळ, अळू आणि कर्दळ यांचे बन असे. ते सौंदर्यासाठी नव्हते. डबके होऊ न देता पाणी शोषून घेणारी ती साधी यंत्रणा होती, आणि भर वैशाखात श्राद्ध-पक्ष, व्रत-वैकल्य किंवा पाहुणा असे काहीही उपटले तरी अळूचे फदफदे आणि केळीची पाने घरातच मिळत.

न्हाणीच्या पाण्याची सोय करताना पथ्ये पाळावी लागतात. धुण्याच्या सोड्यातील क्षार काळ्या जमिनीत साठले की माती चिवट व घट्ट होते. म्हणून कपड्यांचे पहिले साबणाचे पाणी शोषखड्ड्याकडे आणि विसळण्याचे पाणी बागेकडे वळवावे. पाटास थोडा उतार द्यावा, त्यात खडी किंवा विटांचे तुकडे टाकावेत. पाणी साचून राहिले तर बाग कमी आणि डास अधिक वाढतील. कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस हे पाणी देऊ नये. संडासाचे पाणी या पाटात येता कामा नये, हे सांगण्याची गरज पडू नये. पण अनेक घरांची रचना पाहता ते सांगावेच लागते.

पाणी थोडे असेल तेव्हा ते रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी, संध्याकाळी, मुळांपर्यंत उतरेल असे द्यावे. रोजच्या शिंपणाने मुळे वरच्या थरात येतात आणि एका दिवसाच्या खंडाने झाड माना टाकते. बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात बसविलेले मातीचे मडके झाडाशेजारी पुरले, तर एकदा भरलेले पाणी अनेक दिवस झिरपत राहते. त्यावर आळ्यात चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरावा. वाळवी असलेल्या जमिनीत पालापाचोळा खोडापासून वीतभर दूर ठेवावा. कोरड्या आच्छादनाजवळ विडी-काडी नको. वैशाखात खत घालू नये. कोरड्या मातीत दिलेले खत तहानलेल्या मुळांना पोळते. कुजलेले शेणखत पावसाच्या तोंडाशी द्यावे.

शाळेच्या प्रश्नाचे उत्तर या विवेचनात येऊन गेलेच आहे. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. मध्यान्ह भोजनात ताजा भाजीपाला यावा, हा त्यांमागील हेतू स्तुत्य आहे. पण सुट्टीचे सहा-सात आठवडे ज्या बागेला कोणी नाही, तिचा कणा हंगामी भाज्यांचा असू शकत नाही. आवाराच्या कुंपणाला शेवगा, हात धुण्याच्या नळाखाली अळू, स्वयंपाकखोलीच्या दाराशी कढीपत्ता, उताराला वाळा आणि सावलीत हळद एवढे एकदा रुजले, की सुट्टीत आठवड्यातून एक दिवस कोणी येऊन मडकी भरली तरी बाग जूनपर्यंत उभी राहते. त्यांच्या मधल्या वाफ्यांत पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मेथी-पालक खुशाल घ्यावा. त्या एका दिवसाची जबाबदारी मात्र सुट्टीपूर्वी लेखी वाटून द्यावी. ती ‘सर्वांनी मिळून’ घेतली की कोणीच घेत नाही, असा बहुतेक शाळांचा अनुभव आहे. शाळेजवळ राहणारी चार-पाच कुटुंबे, शालेय व्यवस्थापन समितीचे एखादे सदस्य आणि स्वयंपाकाचे काम करणाऱ्या बाई यांची पाळी लावता येते, आणि पाळीच्या दिवशी मिळालेल्या शेंगा ज्याच्या त्याच्या घरी जाव्यात, हे ठरविलेले असले की पाळी चुकत नाही.

रोहिणी नक्षत्र साधारणतः २५ मेच्या सुमारास लागते आणि मृग ७-८ जूनला. या दोहोंच्या दरम्यान वळवाच्या एक-दोन सरी होतात. पावसाळी लिली त्या सरीनंतर चार-पाच दिवसांतच फुलतात आणि पाऊस आलाच असे वाटू लागते. येथे घाई करू नये. वळवाची ओल दोन-तीन दिवसांत उडून जाते आणि तिच्या भरवशावर विभागलेला ठोंब किंवा हलविलेले रोप पुढच्या उघडिपीत वाळते. या पंधरवड्यात खड्डे घ्यावेत, शेणखत आणून ठेवावे, शेवग्याचे तुकडे सावलीला लावून ठेवावेत. मृगाचा पाऊस वीतभर खोल उतरला, हे खुरप्याने उकरून पाहिल्यावर मगच गवती चहा आणि वाळा खणावा. पात्यांची टोके कापून, दोन-तीन फुटव्यांचा एक याप्रमाणे ठोंब सोडवावेत. एका जुन्या ठोंबातून वीस-पंचवीस रोपे सहज निघतात. शाळा उघडण्याचा तोच आठवडा असतो. घरी लावण्यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती एक रोप देता येते.